खालच्या घरातली शेवटची चिठ्ठी

१७ मे २०२५, शनिवार

कॉम्प्युटर सुरू झाला! दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका सरकारी पुस्तिकेच्या अनुवादाचे शेवटचे पान तपासत होते. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये चार वर्षे पलंगाखाली पडून असलेले ते यंत्र प्रीतमदादाने उघडले, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, रॅम खोडरबराने घासून परत बसवली — आणि पडदा उजळला. ‘आपला गेम बी हाय वं त्याच्यात,’ तो म्हणाला. ‘शेवटच्या चिठ्ठीपाशी सेव्ह केला होता, तिथंच उभा हाय तो मानूस. कंदील घेऊन.’

बाबा एकतीस मेला निवृत्त होत आहेत. मग क्वार्टर रिकामे करायचे, कॉम्प्युटर भंगारात. त्याआधी एकदा सर्वांनी बसून तो गेम खेळायचा, असा दादाचा हुकूम आहे.

मला आनंद झाला. तो साधारण एक मिनिट टिकला. कारण पुढे तो म्हणाला, ‘या वेळी तू आरामात बस. काजल वाचन चिठ्ठ्या. तिले येते इंग्रजी.’

काजलवहिनी कॉलनीजवळच्या इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवते. तिला इंग्रजी येते. खरोखर येते.

मी ‘बरं’ म्हणाले. नंतर पुस्तिकेतले एकच वाक्य चार वेळा वाचले.

१८ मे, रविवार

आज दिवसभर माझ्या भाड्याच्या खोलीत. कूलरच्या वाऱ्यात वाळ्याचा वास आला आणि मी सरळ २०१३ च्या मे महिन्यात जाऊन पडले.

मी अकरा वर्षांची, दादा एकोणीसचा. बाबा ड्युटीवर, आई पुढच्या खोलीत डोक्याखाली हात घेऊन निजलेली. आम्ही मागच्या खोलीच्या खिडकीवर चादर लावायचो, वर सतरंजी, आणि तरीही उन्हाची एक रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचीच; दादा तिच्यावर बाबांचे कॅलेंडर टांगायचा. मग कूलर बंद. घामाने कपडे अंगाला चिकटत, पण कूलर चालू असला तर खेळातले खालचे आवाज ऐकू येत नसत.

सीडी दादाने सीताबर्डीच्या फुटपाथवरून आणली होती. तिच्यावर मार्करने काहीतरी लिहिलेले होते, ते घामाने पुसले गेले. म्हणून आम्हीच नाव ठेवले — ‘खालचं घर’. एक माणूस आपल्या बहिणीला शोधत समुद्रातल्या एका बेटावर येतो. तिथे दीपगृह आहे, आणि दीपगृहाखाली समुद्राच्या पोटात उतरत जाणारा जिना आहे. माणसाचे तोंड कधीच दिसत नाही. दिसतो फक्त त्याचा एक हात आणि कंदील. बंदूक नाही, सुरी नाही. चालायचे, दारे उघडायची, भिंतीपाशी, पलंगाखाली, ताटाखाली सापडतील त्या चिठ्ठ्या वाचायच्या. आणि दर वेळी वर येऊन आकाशाकडे पाहिले, की एक चांदणी जास्त झालेली असायची. एकच! दादा बोटाने पडद्यावर मोजायचा.

खाली जे होते ते कधीही दिसले नाही. ते फक्त कूस बदलायचे. तेवढ्याने दीपगृहातल्या कपबशा किणकिणायच्या.

आमच्याही कपबशा किणकिणायच्या. शेजारच्या वीजनिर्मिती प्लान्टमध्ये वाफ सोडली की सगळी कॉलनी थरथरायची आणि आम्हाला कळायचे नाही, की हे स्पीकरमधून आले की जमिनीतून. दादा माझा हात धरायचा आणि म्हणायचा, ‘भेली नाही ना तू?’ — स्वतःचा हात थंडगार!

त्यानंतर पुष्कळ पुस्तके वाचली. इतकी उबदार भीती कुठल्याही पुस्तकात भेटली नाही.

१९ मे, सोमवार

ऑफिसात साहेब सर्वांसमोर म्हणाले, मिनलच्या अनुवादात एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मान वर करवली नाही.

२१ मे, बुधवार

कशी सुरुवात झाली ते लिहून ठेवते.

दादाला दहावीला इंग्रजीत काठावर पास केले होते. मी मराठी शाळेतच होते, पण पहिली येत होते, आणि कॉलनीत पहिल्या येणाऱ्या मुलीला सर्व काही येते असा सर्वांचा समज असतो. वरच्या मजल्यावरच्या काकू औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी माझ्याकडून वाचून घेत. मला येत नसे. मी चेहरा गंभीर ठेवून ‘जेवणानंतर’ सांगत असे.

खेळातही तसेच. ठरलेली विभागणी होती : दादा चालायचा, मी वाचायचे. मांडीवर शाळेतून बक्षीस मिळालेला शब्दकोश. एका चिठ्ठीत होते, की त्या रात्री बॅरोमीटर फार खाली गेला, म्हणजे हवेचा दाब उतरला. मी सांगितले, बॅरोमीटर खाली पडला. दादा अर्धा तास कंदील घेऊन जमिनीवर काचा शोधत होता. पाठीमागे बाबा येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘या मानसाले काही नोकरी-धंदा नाही काय?’

पुढेपुढे चिठ्ठ्या लांब झाल्या. शब्दकोशात एकेक शब्द शोधेपर्यंत दादा कंटाळायचा. ‘समजत नाही’ म्हणणे मला शक्य नव्हते — आजही फारसे नाही. मग मी भरून काढू लागले. दीपगृहाच्या राखणदाराला एक शेळी दिली. ढवळी तिचे नाव. ती एके दिवशी जिन्याने खाली उतरते आणि तिची घंटी महिनाभर खालून ऐकू येते, असे सांगितले. दादाच्या अंगावर काटा आला. त्याने ती शेळी खेळ संपेपर्यंत शोधली. अजून विचारतो, ‘त्या ढवळीचं काय झालं असन वं?’

त्या खेळात शेळी नाही.

२२ मे, गुरुवार

आईचा फोन. दादाला ओडिशातल्या एका प्लान्टमध्ये नोकरी आली आहे. कायमची! सहा जूनपर्यंत होकार कळवायचा आहे.

बारा वर्षे तो खापरखेड्याला कंत्राटावर आहे. दरवर्षी कंत्राट बदलते, दरवर्षी महिनाभर जेवण गोड लागत नाही. आई म्हणाली, बाबा जा म्हणतात, काजल काही बोलत नाही, आणि हा हसण्यावारी नेतो. म्हणतो, गेमनं तवाच सांगितलं होतं. आईने विचारले, कोणता गेम गं? काय सांगितले होते?

मी म्हणाले, आठवत नाही.

२४ मे, शनिवार

आठवते.

कोणीतरी त्या खेळातल्या साऱ्या चिठ्ठ्या इंटरनेटवर उतरवून ठेवल्या आहेत. सकाळी चहा न घेता वाचायला बसले. बारीकसारीक चुका तर शेकड्याने. राखणदाराची बायको मी त्याची आई केली होती. त्या साऱ्यांचे हसू येते. शेवटच्या चिठ्ठीचे येत नाही.

बहिणीने भावासाठी लिहिलेली ती चिठ्ठी अशी आहे. आज मी नीट अनुवाद केला, ऑफिसात करते तसा :

‘बोट घेऊन जा. माझ्यासाठी खाली येऊ नकोस. खालून माझ्या आवाजात जे तुला हाक मारील, ते मी नाही.’

आणि १४ जून २०१३ रोजी दुपारी मी दादाला वाचून दाखवले होते :

‘खाली ये. मी इथेच आहे. जो बोटीत बसून जातो, त्याची वाट पाहणारं कोणी उरत नाही.’

त्या चिठ्ठीत मला न येणारा एकही शब्द नव्हता. शब्दकोश मांडीवर बंद होता.

त्या आठवड्यात दादाला पुण्याच्या कारखान्यातून अप्रेंटिसशिपचे पत्र आले होते. ते आईच्या कपाटावर पडून होते. जावे की नाही हे त्याचे ठरत नव्हते, आणि न ठरणाऱ्या गोष्टी तो नेहमी खेळावर सोडायचा : या दारामागे चिठ्ठी निघाली तर आज नदीवर जायचे, नाही निघाली तर नाही. मी आणि तो सोडून हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दुपारी माउसवर हात ठेवून तो म्हणाला, ‘बोटीत बसाचं निघालं तं पुण्याले जातो. नाही तं नाही.’ हसत म्हणाला. पण माउसवरचे बोट हसत नव्हते.

मी वाचले. तो जिना उतरला. खाली तळाशी पडदा काळा झाला, समुद्राएवढ्या रुंदीचा एक श्वास ऐकू आला आणि खेळ संपला. ‘सापडली वाटते त्याले ती,’ दादा म्हणाला. मी हो म्हणाले.

पत्राची मुदत आठ दिवसांनी संपली. तो प्लान्टवर लागला. मी दहावी झाले, बारावीला बोर्डात आले, एम. ए. झाले, रोज सकाळी तो मला गाडीवर बसथांब्यापर्यंत सोडत राहिला.

२५ मे, रविवार

लहान होते, असे लिहायला घेतले होते. खोडले. लहान होते, पण समजत होते.

२८ मे, बुधवार

वहिनी ती चिठ्ठी वाचणार. रजा मंजूर झाली आहे. ताप यावा असे वाटते. येत नाही!

३१ मे, शनिवार, खापरखेडा

बाबांचा निरोप समारंभ. शाल, नारळ आणि एक भिंतीवरचे घड्याळ. आजपासून ज्यांना वेळ पाहायची गरज नाही, त्यांनाच घड्याळ का देत असतील? बाबांना भाषण करा म्हटले, तर उठून म्हणाले, ‘तीस वर्षं कोळसा पाह्यला. आता काटोलले भावाच्या शेतात जातो अन् संत्रे पाह्यतो,’ आणि बसले. सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच.

घरात अर्धे सामान खोक्यांत बांधलेले. मागच्या खोलीत मात्र टेबल जागच्या जागी, त्यावर तो फुगीर पोटाचा मॉनिटर. त्याच्यावरून हात फिरवला. काचेवरची स्थिर वीज तळहाताला तशीच चाटली.

सायंकाळी अंगणातून प्लान्टच्या धुराड्यांच्या चिमण्या पाहिल्या. लहानपणी वाटायचे, की त्या धुराला आपण दिसत नाही. दिसलो तरी आपली नोंद घेण्याइतके आपण मोठे नाही. खालच्या घराने मला हेच शिकवले होते, आणि दादाचा हात हातात असल्याने ते शिकताना रडू आले नव्हते.

१ जून, रविवार

दुपारी अडीच वाजता बसलो. खिडकीवर चादर, वर सतरंजी. कॅलेंडरऐवजी दादाने बाबांचे नवे घड्याळच टांगले. आई म्हणाली, उकाड्यानं मराल सगळे, आणि स्वतःच स्टूल घेऊन आत आली. बाबा दारात. मी दादाच्या डावीकडे, माझ्या जुन्या जागी, उजवीकडे वहिनी.

मधल्या भागातल्या एका जुन्या सेव्हपासून सुरू केले. तो निळा कंदील! तो जिना! दादाचा हात कीबोर्डवर असा चालला जणू कालच उठलो होतो. कुठला दरवाजा करकरतो, कुठल्या पायरीवर थांबायचे — माझे पायच ओळखत होते. बाबांनी विचारले, ‘याले अजून नाही लागली नोकरी?’ आणि आम्ही सर्व हसलो, आईसुद्धा.

वहिनी चिठ्ठ्या मराठीत करून सांगत होती, वर्गात शिकवावे तशा, स्वच्छ. दादा म्हणाला, ‘अन् शेळी? शेळीचं काय लिहिलं हाय?’

वहिनी थांबली. पडद्याकडे पाहिले. मग माझ्याकडे — फार थोडा वेळ.

‘असन पुढं,’ ती म्हणाली.

तेव्हाच तिला कळले असावे. पुढच्या तासाभरात तिने शेळीला दोनदा आणले, एकदा घंटीसह. ढवळी हे नाव तिला ठाऊक होते. लग्नानंतर दादाने हा सारा खेळ, शेवटच्या चिठ्ठीसकट आणि पुण्याच्या पत्रासकट, तिला गोष्टीसारखा सांगितला आहे.

शेवटची चिठ्ठी. दादाने माउसवरचा हात काढून मांडीवर पुसला. इतक्या वर्षांनीही तो श्वास खालून येत होता, आणि बाहेर प्लान्ट चालू होताच. वहिनीचे डोळे त्या तीन वाक्यांवर होते. तीन वाक्ये वाचायला लागतो त्याहून खूप अधिक वेळ होते.

‘खाली ये,’ तिने वाचले. ‘मी इथंच आहे. जो बोटीत बसून जातो, त्याची वाट पाहणारं कोणी उरत नाही.’

माझे वाक्य. शब्द न शब्द!

दादा मागे टेकला. ‘पाह्य,’ तो बाबांना म्हणाला, ‘तेच हाय. उद्या-परवा कळवून टाकतो ओडिशावाल्यायले, नाही जमत म्हणून.’ बाबा दारातून बाहेर गेले.

स्वयंपाकघरात वहिनी चहा गाळत होती. मी नुसती उभी राहिले. ती मागे न वळता बोलली.

‘ताई, मले दिसलं काय लिहिलं हाय ते.’

‘मग?’

‘हे गेले असते पुण्याले तं मी कुठं असती? या घरात मी त्याच वाक्यानं आली. अन् आता हे गेले तं माही शाळा सोडून मी जाऊ कशी? तुम्ही तवा ज्यासाठी केलं, त्यासाठीच मी आज केलं.’ मग कप माझ्या हातात देत म्हणाली, ‘तुम्हाले तं बरंच झालं.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मलाच हवे ते तिने दिले होते. माझे गुपित आता कायमचे सुरक्षित आहे. कॉम्प्युटर परवा भंगारात जाईल आणि ती चिठ्ठी पुन्हा कोणी वाचणार नाही. मी सुटले. चहा प्याले. चांगला होता.

२ जून, सोमवार

सुटले नाही.

पहाटे जाग आली ती त्याच वाक्याने, खऱ्या वाक्याने. खालून माझ्या आवाजात जे तुला हाक मारील, ते मी नाही. बारा वर्षे त्या जिन्याखालून दादाला हाक मारत राहिलेला आवाज बहिणीचाच होता. माझाच! आणि दादा त्या हाकेवर इथेच थांबला होता.

दादाने नेहमीप्रमाणे गाडीवर बसथांब्यापर्यंत आणले. मी उतरले आणि बॅग न घेता सांगितले. थोडक्यात सांगितले, नाहीतर सांगता आले नसते. वहिनीने काल मला सांभाळून घेतले, हेही सांगितले.

त्याने गाडी बंद केली. ‘म्हंजे लिहिलं काय होतं?’

आधी इंग्रजीत म्हटले, मग मराठीत.

‘अन् तुले समजलं होतं ते? तवा?’

‘हो.’

‘शब्द अडला असन एखादा.’ तो मला वाट देत होता. ‘अकरा वर्षाची तं होती तू.’

‘नाही दादा. एकही नाही अडला. तू जाऊ नये म्हणून वाचलं तसं.’

तो प्लान्टच्या दिशेला पाहत राहिला. पहिल्या पाळीची माणसे सायकलवरून जात होती. एकाने त्याला हात केला, त्यानेही केला.

‘तुह्याकडूनच वाचून घेत होतो मी सगळं,’ तो म्हणाला. ‘बँकेचे फॉर्म बी. कंत्राटाचे कागद बी. सगळं.’

ते मी खरे वाचले, असे मला म्हणायचे होते. म्हणता आले नाही; आणि म्हटले असते तरी आता ते कशाच्या जोरावर?

बस आली. त्याने बॅग वर चढवून दिली. पाठीवर हात ठेवला नाही.

३ जून, मंगळवार

फोन नाही.

४ जून, बुधवार

दादाला तीनदा फोन केला. घंटी वाजते. ऑफिसात एका परिपत्रकातले ‘यथावकाश’ चुकीचे पडले. साहेब म्हणाले, बरं नाही का? मी पहिल्यांदाच ‘समजलं नाही’ असे म्हणाले, आणि आकाश कोसळले नाही.

५ जून, गुरुवार

वहिनीचा फोन. खूप बोलली. ‘काहून सांगतलं तुम्ही? तुमचं मन हलकं कराले?’ दादा घरात कोणाशी बोलत नाही, ड्युटीवर जातो, येतो, मागच्या खोलीत बसतो. कॉम्प्युटर नेणारा येऊन परत गेला. उद्या मुदत संपते. मग तिचा आवाज बारीक झाला. ‘मले बी विचारलं त्यायनं, तू काहून तेच वाचलं म्हणून. मी म्हटलं, मले एकटीले राहाचं नाही. तं म्हणे, मंग तसं सांगाचं होतं ना. चिठ्ठीच्या मागं काहून लपता तुम्ही दोघी?’

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.

६ जून, शुक्रवार

दुपारी दादाने ओडिशाच्या नोकरीच्या पत्राची सहा पाने फोटो काढून पाठवली. खाली एवढेच : ‘वाचून सांग. काही गाळू नको, घालू नको.’ घरात वहिनी असताना त्याने ती मला पाठवली.

फोन लावला आणि वाचू लागले. तीन वर्षे बदली मागता येणार नाही, हे कलम पाचव्या पानावर आहे. तिथे मी थांबले. तो म्हणाला, ‘पुढं वाच, मिने.’

सहाव्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. सोमवारी तो निघतो.